समुद्रतळाचे भूकंप वेळापत्रक पाळतात, ते कसे?

रत्नागिरीकडच्या एका भूगोलाच्या शिक्षकांनी एकाच पत्रात तीन प्रश्न विचारलेत. फोनवर ‘कार्ल्सबर्ग रिजवर 5.6 चा भूकंप’ अशी सूचना आली की गावात त्सुनामीची कुजबुज सुरू होते, तर खरंच भ्यायचं का? पुस्तकातल्या आकृतीत समुद्रतळाची पर्वतरांग एका बाजूला सरकलेली दिसते आणि बाण मात्र उलट दिशेचे असतात, ही छपाईची चूक आहे का? आणि तिसरं, समुद्रातल्या भूकंपांचं भाकीत शास्त्रज्ञांना जमलंय असं वाचलं, ते कितपत खरं?

तिन्ही प्रश्नांची मुळं एकाच जागी आहेत. ती जागा म्हणजे महासागरी ट्रान्सफॉर्म भ्रंश, दोन भूपट्ट जिथे एकमेकांना घासत आडवे सरकतात ती समुद्रतळाची भेग. पहिल्या दोघांची उत्तरं आधी देऊन टाकतो. भ्यायचं कारण नाही, आणि छपाईची चूक नाही. आकृती चुकलेली वाटते यातच तिची सगळी गंमत आहे. तिसऱ्या प्रश्नाला मात्र वेळ द्यावा लागेल.

एक खुलासा आधीच करतो. बातम्यांत ‘5.6 रिश्टर तीव्रता’ म्हणतात. तीव्रता म्हणजे एखाद्या ठिकाणी किती हादरलं, आणि ती गावागणिक बदलते. भूकंपाचा स्वतःचा आकार एकच असतो, त्याला मॅग्निट्यूड म्हणतात. मूळ रिश्टर मोजपट्टी मोठ्या भूकंपांसाठी कधीच मागे पडली. मी खाली नुसते आकडे लिहीन, ते मॅग्निट्यूडचे समजा.

आता अरबी समुद्राचं पाणी काढून टाका आणि तळ बघा. विषुववृत्ताच्या जवळून एक पर्वतरांग वायव्येकडे चढत जाते, तीच कार्ल्सबर्ग रिज. नाव बिअरचं वाटतं आणि आहेही बिअरचंच. 1928 ते 1930 च्या ‘डाना’ या डॅनिश मोहिमेला कार्ल्सबर्ग फाउंडेशनचा पैसा होता, म्हणून आपल्या समुद्रातल्या सर्वांत मोठ्या डोंगराला कोपनहेगनच्या भट्टीचं नाव मिळालं. या रांगेच्या कण्यावर समुद्रतळ फाटतो, खालून लाव्हा येतो आणि नवा तळ तयार होतो. ईशान्येला भारताचा भूपट्ट, नैर्ऋत्येला सोमालियाचा. दोघं वर्षाला साधारण दोन ते अडीच सेंटिमीटरनी एकमेकांपासून दूर जातात. आपली नखं याहून थोडी जास्त वेगानं वाढतात.

ही रांग साधारण 10 अंश उत्तर अक्षांशापर्यंत येते आणि अचानक संपते. तिचा पुढचा तुकडा, शेबा रिज, तिथून तीनशेहून अधिक किलोमीटर उत्तरेला सुरू होतो आणि एडनच्या आखातात शिरतो. या दोन टोकांना जोडणारी, सोकोत्रा बेटाच्या पूर्वेकडून जाणारी सरळ रेघ म्हणजे ओवेन ट्रान्सफॉर्म भ्रंश. 1962 च्या नोव्हेंबरात ‘एचएमएस ओवेन’ हे ब्रिटिश सर्वेक्षण जहाज या भागात होतं आणि ब्रिटिश भूवैज्ञानिक ड्रमंड मॅथ्यूज त्यावर होते. त्याच सफरीतल्या चुंबकीय मोजण्यांवरून पुढच्या वर्षी फ्रेड व्हाइन आणि मॅथ्यूज यांनी समुद्रतळ पसरतो याचा पुरावा मांडला. भूपट्टांच्या सिद्धान्ताची एक पायाभरणी आपल्या अंगणात झाली, हे आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच सापडतं. त्याच 1963 मध्ये मॅथ्यूज यांनी आणखी एक निबंध लिहिला. कार्ल्सबर्ग रिजला सोकोत्राजवळ सरकवणारा एक मोठा भ्रंश तळाशी आहे, असं त्यात होतं.

‘सरकवणारा’ या शब्दातच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाची गोम आहे.

रेघेच्या पश्चिमेला उभे राहा आणि पूर्वेकडे तोंड करा. डोंगररांग तुमच्या बाजूला उत्तरेला संपली, आणि पलीकडे ती दक्षिणेला, म्हणजे तुमच्या उजव्या हाताला, पुन्हा सुरू झाली. शेताचा बांध मध्येच तुटून पलीकडे उजवीकडे सरकलेला दिसला तर आपण काय म्हणू? जमीन फाटली आणि पलीकडची बाजू उजवीकडे गेली. 1965 पर्यंत भूवैज्ञानिकही हेच म्हणत. त्या साली कॅनडाचे टूझो विल्सन यांनी ‘नेचर’मध्ये एक निबंध लिहून सांगितलं की हा वेगळ्याच जातीचा भ्रंश आहे आणि तो उलट्या दिशेनं सरकतो. ट्रान्सफॉर्म हे नाव त्यांनीच दिलं.

कारण बघा. डोंगररांग म्हणजे सरकलेला बांध नव्हे, तो चालू कारखाना आहे. दोन तुकड्यांमध्ये जो भ्रंश आहे त्याच्या पश्चिमेला शेबा रिजच्या दक्षिणेचा तळ आहे, म्हणजे सोमालियाचा. पूर्वेला कार्ल्सबर्ग रिजच्या उत्तरेचा तळ आहे, म्हणजे भारताचा. सोमालियाच्या तुलनेत भारत उत्तरेकडे जातो. पूर्वेकडे तोंड करून उभ्या असलेल्या तुम्हाला पलीकडची जमीन डाव्या हाताला जाताना दिसेल. रांग उजवीकडे ‘सरकलेली’, जमीन डावीकडे सरकतेय. रांगेतली ती पायरी मात्र भ्रंशानं घडवलेली नाही. पहिली फाट पडली तेव्हाच ती वेडीवाकडी पडली होती आणि तो वाकडेपणा तसाच राहिला. म्हणून कितीही कोटी वर्षं गेली तरी दोन टोकांमधलं अंतर वाढत नाही. विल्सन यांचं म्हणणं समजायला कागद कापून पाहणं सगळ्यांत सोपं. वर्गात करून बघा, मुलं दोन मिनिटांत पकडतात. मोठ्यांना जास्त वेळ लागतो.

विल्सन यांचं म्हणणं खरं की खोटं हे भूकंपांनी ठरवलं. भूकंपाची पहिली लहर काही केंद्रांवर जमीन ढकलते आणि काहींवर ओढते. जगभरच्या केंद्रांवर कुठे ढकललं आणि कुठे ओढलं हे नकाशावर मांडलं की चार पाकळ्या पडतात आणि भ्रंश कुठल्या बाजूला सरकला ते कळतं. यासाठी सगळीकडे एकसारखी यंत्रं लागतात. ती साठच्या दशकात अमेरिकेनं जगभर बसवली, भूकंपासाठी कमी आणि जमिनीखालच्या अणुस्फोटांवर पाळत ठेवण्यासाठी जास्त. त्या जाळ्यातलं एक केंद्र आपल्या पुण्यात होतं. 1967 मध्ये अमेरिकेचे भूकंपशास्त्रज्ञ लिन साइक्स यांनी महासागरी रांगांवरच्या 17 भूकंपांची अशी छाननी छापली. ट्रान्सफॉर्मवरचे सगळे भूकंप विल्सन यांच्या बाजूनं उभे राहिले. माझ्या पिढीच्या भूकंपशास्त्रज्ञांना हा निबंध जवळपास पाठ करायला लावत. तो वाचल्यावर भूपट्ट ही कल्पना उरत नाही, वस्तुस्थिती होते.

ओवेनची रेघ पुस्तकी आकृतीपेक्षा एका बाबतीत वेगळी आहे, आणि तिच्यावर माझा जीव आहे तो त्यामुळेच. पुस्तकात रिजच्या टोकापलीकडे भ्रंश मेलेला असतो. तिथे दोन्हीकडचा तळ एकाच भूपट्टाचा, एकाच दिशेला चाललेला असतो. फक्त जुना व्रण उरतो, त्याला फ्रॅक्चर झोन म्हणतात. ओवेनची रेघ मात्र शेबा रिजच्या उत्तरेला आणखी सुमारे 800 किलोमीटर पाकिस्तानच्या दिशेनं जाते आणि जिवंत राहते. तिच्या पश्चिमेला अरबस्तानचा भूपट्ट आहे, पूर्वेला भारताचा. दोघंही उत्तरेला निघालेत, पण अरबस्तान वर्षाला जेमतेम 3 मिलिमीटरनी पुढे आहे. महामार्गावर शेजारच्या दोन गाड्या सारख्याच वेगानं चालल्या असाव्यात आणि एक अगदी हळूहळू पुढे सरकत असावी, तसं. त्यामुळे दक्षिणेच्या ट्रान्सफॉर्मवर पलीकडची जमीन डावीकडे जाते आणि उत्तरेच्या भागात उजवीकडे. रेघ एक, चाली दोन. या 3 मिलिमीटरकडे शेवटी परत येऊ.

आता त्सुनामी. घंगाळात पाणी भरा, तळाशी ताट आडवं ठेवा आणि ते आडवंच सरकवा. वरचं पाणी फारसं हलत नाही. तेच ताट झटक्यात वर उचला, पाणी काठाबाहेर सांडेल. ट्रान्सफॉर्म भ्रंशावर तळ आडवा सरकतो. त्सुनामीला तळ वर-खाली व्हावा लागतो, आणि तो मोठ्या क्षेत्रात व्हावा लागतो. एक भूपट्ट दुसऱ्याखाली घुसतो तिथे असं होतं. आपल्या बाजूनं ती जागा म्हणजे मकरान, पाकिस्तान आणि इराणच्या किनाऱ्यालगत. 28 नोव्हेंबर 1945 ला तिथे 8.1 चा भूकंप झाला, त्याच्या लाटा मुंबईपर्यंत आल्या आणि इथेही माणसं वाहून गेली. कोकणानं काळजी करायचीच असेल तर मकरानची करावी. कार्ल्सबर्ग रिजवरच्या 5.6 ची नको. तो कण्यावर झालेला असेल तर तळ थोडा खचतो, ट्रान्सफॉर्मवर झालेला असेल तर आडवा सरकतो. दोन्ही बाबतींत आकार इतका छोटा की पाण्याला पत्ता लागत नाही. शिवाय रांगेचं वायव्य टोक मुंबईपासून सुमारे दोन हजार किलोमीटर दूर आहे.

आडव्या सरकण्यानं त्सुनामी येतच नाही, असं मात्र छातीठोक म्हणू नका. 28 सप्टेंबर 2018 ला इंडोनेशियातल्या पालूमध्ये आडव्या सरकणाऱ्या भ्रंशावर 7.5 चा भूकंप झाला आणि अरुंद आखातात विनाशक लाटा उठल्या. तिथे किनाऱ्याच्या आणि पाण्याखालच्या दरडी कोसळल्या आणि आखाताच्या आकारानं भर घातली. ओवेनच्या रेघेलगत पाण्याखाली एक डोंगररांग आहे, ओवेन रिज. तिच्या उतारांवरही जुन्या काळी मोठमोठ्या दरडी सुटल्याच्या खुणा सोनारच्या नकाशांत स्पष्ट दिसतात. त्या बाबतीत विचार करायचा तो आधी ओमानच्या किनाऱ्यानं.

उलट बाजूचं उदाहरण आणखी बोलकं आहे. 11 एप्रिल 2012 ला सुमात्राच्या पश्चिमेला 8.6 चा भूकंप झाला आणि दोन तासांनी 8.2 चा. चेन्नईत लोक कार्यालयांतून रस्त्यावर आले, कोलकात्यात मेट्रो थांबली. 2004 ची आठवण ताजी होती. पण सगळं सरकणं आडवं होतं आणि लाटा किरकोळ निघाल्या. आडव्या सरकण्याच्या भूकंपांत यंत्रांनी नोंदलेला हा सर्वांत मोठा. तो भूपट्टाच्या सीमेवरही नव्हता. हिंद महासागराच्या त्या भागात जुन्या ट्रान्सफॉर्म भ्रंशांचे मेलेले व्रण उत्तर-दक्षिण पडलेले आहेत. भूपट्ट आतून वाकतोय, त्याच्या ताणानं व्रण पुन्हा उघडले आणि त्यांना जवळपास काटकोनात जाणारे भ्रंशही त्यांच्यासोबत फुटले. पुस्तकातला ‘मेलेला’ हा शब्द त्या दिवसापासून मी जपून वापरतो.

मग जिवंत ट्रान्सफॉर्मवर 8.6 का होत नाही? लांबी तर भरपूर आहे. अटलांटिकमध्ये विषुववृत्ताजवळचा रोमांश भ्रंश सुमारे 900 किलोमीटर लांब आहे. जमिनीवर 1906 मध्ये सॅन अँड्रियास भ्रंश त्याच्या निम्म्या लांबीत फाटला आणि सॅन फ्रान्सिस्को उद्ध्वस्त झालं.

पहिलं कारण उष्णता. गुळाचा पाक गरम असताना ओढला की लांबतो, गार झाला की चिक्कीसारखा तडकतो. खडकाचंही तेच. महासागराच्या कवचाखाली ऑलिव्हिन या खनिजानं भरलेला पेरिडोटाइट हा खडक असतो. साधारण 600 अंश सेल्सिअसपर्यंत तो अडकून मग झटक्यानं सरकू शकतो, त्याहून गरम झाला की मुकाट वाहतो. रिजजवळचा तळ ताजा असतो, म्हणून 600 अंशांची पातळी काही किलोमीटरांवरच लागते. वेगवान ट्रान्सफॉर्मवर दोन्हीकडचा तळ थंड व्हायला वेळच मिळत नाही. रोमांशसारख्या संथ आणि लांब भ्रंशावर एका टोकाशी येऊन भिडणारा तळ चार कोटी वर्षांहून जुना असतो, तो बराच खोलपर्यंत गार असतो. म्हणून अटलांटिकचे ट्रान्सफॉर्म 7 पार करतात आणि पूर्व पॅसिफिकचे 6 च्या थोडं पुढेमागे थांबतात. वेग जास्त तिथे भूकंप छोटे.

पण उष्णतेनं हिशेब पुरा होत नाही. भूपट्ट किती सरकतात हे समुद्रतळाच्या खडकांत नोंदल्या गेलेल्या चुंबकीय पट्ट्यांवरून ठाऊक आहे. 600 अंशांहून गार खडक किती आहे हेही ठाऊक आहे. त्यावरून जितकं सरकणं भूकंपांतून व्हायला हवं, त्याच्याशी गेल्या काही दशकांच्या नोंदी ताडून पाहिल्या तर जगभरच्या ट्रान्सफॉर्मवर सरासरी सातवा हिस्सा, फार तर 15 टक्के, इतकंच सापडतं. मार्गारेट बॉचर आणि टॉमस जॉर्डन यांनी 2004 मध्ये हा ताळेबंद मांडला. बाकीचे 85 टक्के कुठे गेले? भ्रंश सरकला तर आहे, न सरकून भूपट्टांना चालणारच नाही. म्हणजे तो आवाज न करता सरकला. आमच्या धंद्यात ज्याला भूकंप म्हणतात तो या भ्रंशांच्या आयुष्यातला अपवाद आहे. नियम आहे तो मुकाट सरकण्याचा. नव्या विद्यार्थ्यांना मी हे पहिल्या दिवशी सांगतो आणि ते सगळे कागदावर लिहून घेतात. पटतं तिसऱ्या वर्षी.

मुकाट सरकणारे आणि अडकणारे तुकडे एकाच भ्रंशावर शेजारी शेजारी कसे राहतात, हे समजलं ते गोफारवर. आता तिसरा प्रश्न.

गोफार हा पूर्व पॅसिफिक रिजवरचा भ्रंश. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यापासून खूप दूर, गालापागोसच्याही पश्चिमेला, विषुववृत्ताच्या चार-साडेचार अंश दक्षिणेला. एका बाजूला पॅसिफिक भूपट्ट, दुसऱ्या बाजूला नाझ्का, आणि सरकण्याचा वेग वर्षाला सुमारे 14 सेंटिमीटर. ओवेनच्या सहापट. जुन्या नोंदी चाळताना दिसलं की त्याच्या ठरावीक तुकड्यांवर दर पाच-सहा वर्षांनी 6 च्या आसपासचा भूकंप होतो. जागा तीच, आकार जवळपास तोच. पावसाळ्यात फुगलेला कपाटाचा खण ओढताना अडतो, जोर साठतो, मग एकदम हातभर बाहेर येतो. तसं. पाच-साडेपाच वर्षांत 14 सेंटिमीटरच्या हिशेबानं पाऊण मीटर साठतं, आणि 6 चा भूकंप मोजका तुकडा सरकवतो तोही याच मापाचा. पासबुकातली जमा आणि खर्च जुळावेत तसं हे जुळतं, आणि भूकंपशास्त्रात असं फार क्वचित घडतं.

याच्या जोरावर अमेरिकेतल्या वुड्स होल या समुद्रविज्ञान संस्थेच्या जेफ मॅकग्वायर आणि सहकाऱ्यांनी पुढच्या भूकंपाच्या वाटेत आधीच यंत्रं मांडायचं ठरवलं. समुद्रतळाचा भूकंपमापक कसा असतो ते सांगतो, कारण आमचं निम्मं आयुष्य त्यात गेलं. पाण्याच्या दाबाला टिकणारे काचेचे गोळे, त्यांना प्लास्टिकची टोपी, मधे संवेदक आणि नोंदी ठेवणारा भाग, खाली लोखंडी वजन. जहाजावरून सोडायचा आणि तो स्वतःच बुडत जातो. तीन किलोमीटर खोल पाण्यात तळ गाठायला तासभर सहज लागतो. तिथे उपग्रहाचा संकेत पोचत नाही, म्हणून आतल्या घड्याळावर वर्षभर विसंबायचं आणि वर आल्यावर ते किती चुकलं ते बघून सगळ्या नोंदी मागे सरकवायच्या. परत आणायचं तर जहाजावरून ध्वनीचा संकेत द्यायचा, वजन सुटतं, यंत्र तरंगत वर येतं. रात्री आलं तर त्याचा लुकलुकणारा दिवा शोधत सगळे डेकवर. एका सफरीत आमची दोन यंत्रं वर आलीच नाहीत. उत्तर देत होती, ‘वजन सोडलं’ म्हणत होती, आणि जागची हलत नव्हती. पहाटेपर्यंत आम्ही काळ्या पाण्याकडे बघत राहिलो. त्यांच्यातल्या नोंदी आजही तळाशीच आहेत.

गोफारवर नशीब बरं होतं. 18 सप्टेंबर 2008 ला यंत्रं खाली असतानाच 6.0 चा भूकंप झाला. नोंदी वर आल्या तेव्हा दिसलं ते कुणी मनात धरलं नव्हतं. मुख्य धक्क्याआधीच्या आठवड्यात वीस हजारांहून अधिक बारके पूर्वधक्के झाले होते, आणि ते भ्रंशाच्या सुमारे 10 किलोमीटर लांबीच्या एका पट्ट्यात एकवटले होते. त्या पट्ट्यातून जाणाऱ्या लहरींचा वेग त्याच दिवसांत 3 टक्क्यांच्या आसपास घटला, म्हणजे खडकाची अवस्था बदलत होती. आणि मुख्य भूकंप? तो या पट्ट्यात झालाच नाही. तो शेजारच्या अडकलेल्या तुकड्यात झाला आणि पट्ट्यापाशी येऊन थांबला. इतका चुळबुळणारा पट्टा स्वतः मोठा भूकंप करत नाही, उलट मोठ्या भूकंपाला अडवतो. भ्रंशाचा ब्रेकच म्हणा.

ब्रेक लागतो कसा? कोकणातल्या माणसाला हे सांगणं सोपं आहे. भरती ओसरल्यावर ओल्या वाळूवर पाय ठेवा, पायाभोवतीची वाळू क्षणभर कोरडी पडते. दाबल्यावर पाणी बाहेर यायला हवं, पण ते आत जातं. कारण दाटीनं बसलेले कण हलताना एकमेकांवर चढतात, मधली जागा वाढते, पाणी त्या जागेत ओढलं जातं आणि वाळू घट्ट होते. गोफारच्या ब्रेकपट्ट्यांत खडक भेगाळलेला आहे आणि समुद्राचं पाणी त्यात खोलवर मुरलेलं आहे. भूकंपाची फाट वेगानं तिथे शिरली की भेगा रुंदावतात, आतल्या पाण्याचा दाब झपकन पडतो, आणि दोन्ही बाजू एकमेकींना आवळून धरतात. फाट मरते. हळू सरकताना पाण्याला भरून यायला वेळ मिळतो, म्हणून तोच पट्टा एरवी मुकाट सरकत राहतो. हा खुलासा आज सगळ्यांत जास्त जुळतो असं माझं मत आहे. पेरिडोटाइटात पाणी शिरून सर्पेंटाइन हा गुळगुळीत खडक होतो, त्याचाही वाटा काही जण धरतात. कुठे किती, यावर वाद आहे.

मार्च 2020 मध्ये गोफारवर पुन्हा 6 च्या वरचा भूकंप झाला आणि तेव्हाही तळाशी यंत्रं होती. दोन्ही वेळचं चित्र शेजारी ठेवता येतं, हे भूकंपशास्त्रात जवळपास कुठेच मिळत नाही. जमिनीवर याची बरोबरी करू पाहणारं ठिकाण म्हणजे कॅलिफोर्नियातलं पार्कफिल्ड. तिथे 1857 पासून 1966 पर्यंत सहा भूकंप सरासरी 22 वर्षांनी झाले, म्हणून पुढचा 1993 च्या आत होणार असं अधिकृतपणे सांगितलं गेलं. तो आला सप्टेंबर 2004 मध्ये. जमिनीवरचा भ्रंश एकटा नसतो. शेजारचे भ्रंश त्याच्यावर ताण घालतात किंवा काढून घेतात, खडक मैलागणिक बदलतो. समुद्रातल्या ट्रान्सफॉर्मला असे शेजारी कमी आणि खडक तुलनेनं एकजात. म्हणून तो बराचसा वेळापत्रकानं चालतो.

तर भाकीत जमलं का? वर्षाच्या मापानं आणि जागेच्या मापानं, गोफारसारख्या भ्रंशावर, हो. दिवस आणि तास सांगून, नाही. पूर्व पॅसिफिकच्या ट्रान्सफॉर्मवर पूर्वधक्के जमिनीपेक्षा खूप जास्त आणि नंतरचे धक्के खूप कमी असतात, हे 2005 मध्येच दिसलं होतं. प्रत्येक पूर्वधक्क्याला घंटा वाजवली तर बरेचसे मोठे भूकंप सापडतात. पण वाजलेल्या घंटांपैकी बहुसंख्य फुकट जातात. मुंबईत असा नियम लावला तर तिसऱ्या दिवशी कुणी घराबाहेर येणार नाही. शिवाय हे सगळं जिथे जमतं तिथे वाचवायला माणसं नाहीत. बोटीवरचा खलाशी 6 चा भूकंप तळातून ठोका आल्यासारखा अनुभवतो, इतकंच.

वेळापत्रक पाळणारा भ्रंशही वागण्यात शिस्तीचा असेलच असं नाही, हे 29 ऑगस्ट 2016 ला रोमांशनं दाखवलं. योगायोगानं त्या भागात तळाशी यंत्रं मांडलेली होती. 7.1 चा भूकंप सुरू झाला, फाट पूर्वेकडे धावली, मग उलटली आणि ज्या बाजूनं आली त्याच बाजूला परत निघाली. परतीचा वेग खडकातल्या आडव्या लहरींपेक्षाही जास्त होता, आवाजाचा वेग ओलांडणाऱ्या विमानासारखा. फाट मागे फिरते हे सिद्धान्तात होतं, इतक्या स्पष्टपणे नोंदलं गेलेलं क्वचितच. 2020 मध्ये हा निबंध आला तेव्हा मी तो दोनदा वाचला आणि आकृत्या तिसऱ्यांदा.

आता ते 3 मिलिमीटर. गोफारवर पाऊण मीटर साठायला पाच-सहा वर्षं लागतात. ओवेनच्या दक्षिणेच्या ट्रान्सफॉर्मवर तेवढंच साठायला तीस-पस्तीस वर्षं लागतील, तीही सगळं सरकणं अडकून राहिलं असं धरलं तर. आणि तिथे बराचसा भाग मुकाट सरकत असणार. उत्तरेच्या तुकड्यावर, अरबस्तान आणि भारताच्या मधे, पाऊण मीटर साठायला अडीचशे वर्षं हवीत. भूकंपमापकांच्या नोंदी जेमतेम सव्वाशे वर्षांच्या, आणि अरबी समुद्रासाठी कामाच्या नोंदी त्याहून निम्म्या. पार्कफिल्डला सहा भूकंप हाताशी होते तरी अंदाज अकरा वर्षांनी चुकला. उत्तर ओवेनवर आमच्या यंत्रांनी अजून एकही पूर्ण फेरी पाहिलेली नाही. त्यामुळे तिथला पुढचा मोठा भूकंप कधी, असं कुणी व्हॉट्सअॅपवर तारीख देऊन लिहिलं, तर त्याला एवढंच विचारा की मागचा कधी झाला होता.